परक्या प्रणालीवर विंडोजची सॉफ्टवेअर : वाइन प्रकल्पाची तीन दशके

डेस्कटॉपवरचे सॉफ्टवेअर दोन बाजूंनी बांधलेले असते. पहिले बंधन प्रोसेसरचे. प्रोग्रामची फाइल म्हणजे शेवटी एका विशिष्ट जातीच्या प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांची माळ. इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचना मोटोरोलाच्या प्रोसेसरला निरर्थक असतात. दुसरे बंधन ऑपरेटिंग सिस्टिमचे. फाइल उघडणे, पडद्यावर खिडकी काढणे, कोणती कळ दाबली गेली ते पाहणे, छपाईयंत्राकडे मजकूर पाठवणे यांतले एकही काम प्रोग्राम स्वतः करत नाही. तो प्रणालीतल्या ठरावीक नावाच्या फंक्शनला हाक मारतो, ठरावीक क्रमाने माहिती पुरवतो आणि ठरावीक रूपातल्या उत्तराची वाट पाहतो. विंडोजमध्ये अशी हजारो फंक्शने आहेत. त्यांच्या संचाला एपीआय म्हणतात. १९९०च्या दशकात विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली एकाच इंटेल प्रोसेसरवर चालत होत्या, म्हणजे पहिले बंधन आड येत नव्हते. तरी विंडोजमधला पत्त्यांचा साधा खेळही लिनक्सवर उघडत नसे, कारण त्याच्या हाकेला ओ देणारे तिथे कोणी नव्हते.

ही अडचण दोन मार्गांनी सोडवता येते. पहिला मार्ग सगळे यंत्रच सॉफ्टवेअरमध्ये उभे करण्याचा. इन्सिग्निया सोल्यूशन्स या कंपनीच्या सॉफ्टपीसीने १९८०च्या दशकातच मॅकिंटॉशवर आणि युनिक्सच्या यंत्रांवर डॉसचे प्रोग्राम चालवून दाखवले. कनेक्टिक्सचे व्हर्च्युअल पीसी १९९७ साली आणि व्हीएमवेअर १९९९ साली बाजारात आले. या मार्गाने बहुतेक सगळे प्रोग्राम चालतात, कारण आत खरीखुरी विंडोजच असते. पण तीच त्याची मेख आहे : विंडोजची प्रत आणि तिचा परवाना विकत घ्यावाच लागतो, मेमरी दोन प्रणालींत वाटली जाते आणि प्रोसेसर वेगळ्या जातीचा असला तर वेग पार मंदावतो. दुसरा मार्ग प्रोग्रामच्या सूचना प्रोसेसरकडे जशाच्या तशा जाऊ देऊन केवळ प्रणालीला मारलेल्या हाका झेलण्याचा. यात विंडोज लागत नाही. मात्र विंडोजची हजारो फंक्शने नव्याने लिहावी लागतात. या दुसऱ्या मार्गाचा इतिहास अधिक लांबचा, अधिक चिवट आणि व्यापारी डावपेचांनी भरलेला आहे.

त्याचे एक मोठे प्रकरण आयबीएमच्या ओएस/२ या प्रणालीचे. ती सुरुवातीला आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून घडवली. पहिली आवृत्ती १९८७च्या डिसेंबरमध्ये निघाली. मे १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० ला धो धो गिऱ्हाईक मिळाले आणि दोघांची वाट वेगळी झाली. जुन्या करारामुळे विंडोजचा सोर्सकोड वापरण्याचा हक्क आयबीएमकडे होता. म्हणून १९९२च्या ओएस/२ २.० मध्ये डॉस आणि विंडोजचे प्रोग्राम चालवण्याची सोय आतच होती, आणि डॉसपेक्षा चांगला डॉस, विंडोजपेक्षा चांगली विंडोज अशी जाहिरात आयबीएमने केली. दावा बराचसा खरा होता. विंडोज ३.० मध्ये एक प्रोग्राम अडखळला की सगळे यंत्र अडखळे. ओएस/२ मध्ये प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र कप्पा देता येई आणि एक कोसळला तरी बाकीचे चालू राहत.

व्यापाराच्या दृष्टीने मात्र ही सोय उलटली. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम ओएस/२ वरही चालत असेल, तर सॉफ्टवेअर कंपन्यांनी ओएस/२ साठी वेगळे लिहायचे कशाला? एकदा विंडोजसाठी लिहिले की दोन्हीकडचे गिऱ्हाईक मिळत होते. ओएस/२ चे स्वतःचे प्रोग्राम फारसे आलेच नाहीत आणि मायक्रोसॉफ्टने विंडोजची पुढची पिढी ३२ बिटांवर नेली तेव्हा आयबीएमला तिच्यामागे धापा टाकत धावावे लागले. अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टविरुद्ध चालवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये वस्तुस्थितीचे निष्कर्ष नोंदवले. नव्या प्रणालीपुढे प्रोग्रामच्या अभावाची जी भिंत उभी असते तिचा त्यांत सविस्तर विचार आहे, आणि ओएस/२ हे तिचे ठळक उदाहरण म्हणून येते. ही भिंत चढून जाण्यासाठीच आयबीएमने विंडोजची सोय घरात घेतली होती.

सन मायक्रोसिस्टिम्सने वेगळा डाव टाकला. सनच्या सोलारिस प्रणालीवर अभियांत्रिकीचे काम उत्तम होई, पण त्याच अभियंत्याला पत्र लिहायला किंवा हिशेबाचा तक्ता करायला शेजारी विंडोजचा पीसी ठेवावा लागे. १९९३ साली सनने वाबी नावाचे सॉफ्टवेअर जाहीर केले. विंडोज ३.१ च्या हाका ते युनिक्सच्या भाषेत उतरवत असे, आणि सनच्या स्वतःच्या स्पार्क प्रोसेसरवर चालताना इंटेलच्या सूचनांचेही भाषांतर करत असे. वाबीवर सगळे प्रोग्राम चालतील असा दावा सनने केला नाही. नीट चालतात म्हणून तपासलेल्या लोकप्रिय प्रोग्रामांची एक यादी होती आणि हमी तेवढ्यांचीच. पुढे कॅल्डेरा या कंपनीने वाबी लिनक्सवरही विकले.

याच सुमारास सनने आणखी धाडसी खटपट आरंभली. विंडोजचा एपीआय हे मायक्रोसॉफ्टचे खासगी गुपित न राहता सार्वजनिक मानक व्हावे, म्हणजे तो कोणालाही कागदावरून उभारता येईल, अशी ती कल्पना होती. मायक्रोसॉफ्टचा तिला विरोध होता. तरी युरोपातल्या ईसीएमए या मानकसंस्थेने डिसेंबर १९९५ मध्ये ईसीएमए-२३४ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात वर्णन होते ते विंडोज ३.१ च्या १६ बिटांच्या फंक्शनांचे, आणि त्याआधी चारच महिने, ऑगस्ट १९९५ मध्ये, विंडोज ९५ बाजारात आली होती. मानक छापून हाती पडेपर्यंत ज्याचे मानकीकरण करायचे तेच जुने झाले होते. वाबीही ३२ बिटांच्या जगात टिकले नाही.

वाइनचा जन्म याच धामधुमीतला. सन वाबी बनवत आहे या बातमीवरून, तशीच सोय लिनक्सवर फुकट का असू नये अशी चर्चा १९९३ साली लिनक्सच्या हौशी मंडळींत निघाली. बॉब ॲम्स्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी काम सुरू केले. उद्दिष्ट अर्थातच विंडोज ३.१ चे होते, आणि सुरुवातीच्या काळात चालू लागलेल्या प्रोग्रामांत विंडोजसोबत येणारा सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ होता. १९९४ साली प्रकल्पाची सूत्रे अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आली आणि ती पुढची तीन दशके त्यांच्याचकडे राहिली. स्वयंसेवकांच्या प्रकल्पात माणसे येतात, वर्ष-दोन वर्षे राबतात आणि नोकरी किंवा संसार मागे लागला की निघून जातात. वाइन अर्ध्या वाटेवर विझले नाही याचे निम्मे श्रेय या एका चिकाटीला द्यावे लागते.

वाइनची मांडणी कल्पनेत सोपी आहे. विंडोजचा प्रोग्राम पीई नावाच्या रचनेच्या फाइलमध्ये असतो. लिनक्स ती रचना ओळखत नाही. वाइन ती फाइल वाचते, तिचे तुकडे मेमरीत जिथल्या तिथे बसवते आणि प्रोग्रामला कोणकोणत्या डीएलएल, म्हणजे फंक्शनांचे साठे असलेल्या फाइली, हव्या आहेत ते पाहते. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या डीएलएल असतात. वाइन त्याच नावांच्या, स्वतः लिहिलेल्या डीएलएल पुढे करते. प्रोग्रामने खिडकी मागितली की वाइनची डीएलएल लिनक्सच्या पडदा-व्यवस्थेकडून खिडकी मिळवते. फाइल मागितली की लिनक्सकडून फाइल आणते. एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रोग्रामांमध्ये सामायिक असणाऱ्या गोष्टी, जसे की कुलपे, इशारे आणि परस्परांना पाठवलेले निरोप, सांभाळण्यासाठी वाइनसर्व्हर नावाचा एक वेगळा प्रोग्राम मागे चालू असतो. विंडोजची सी ड्राइव्ह म्हणजे वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरमधले एक साधे फोल्डर असते, आणि विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे प्रणालीच्या आणि प्रोग्रामांच्या निवडींची नोंदवही, साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवलेली असते.

कठीण भाग यापुढे सुरू होतो. विंडोजमध्ये फाइलीच्या नावातले लहान-मोठे रोमन अक्षर एकच मानले जाते. लिनक्समध्ये ते वेगळे. म्हणजे प्रोग्रामने मोठ्या अक्षरांत मागितलेली फाइल लहान अक्षरांत ठेवलेली असेल तर वाइनला सगळे फोल्डर धुंडाळावे लागते. हे निदान ठाऊक असलेले फरक. खिडकी तयार होताना विंडोज प्रोग्रामला एकामागून एक निरोप पाठवते. त्यांचा नेमका क्रम सगळाच्या सगळा कागदावर नसतो, पण त्या क्रमावर विसंबणारे प्रोग्राम असतात. एखादे फंक्शन फसले तर कोणता त्रुटी-क्रमांक परत यावा, फंक्शनला चुकीची माहिती दिली तर ते थांबावे की निमूट पुढे जावे, या प्रश्नांची उत्तरेही अनेकदा दस्तऐवजात नसतात किंवा असतात ती प्रत्यक्षाशी जुळत नाहीत. प्रोग्राम लिहिणाऱ्याने दस्तऐवज वाचलेला नसतो. त्याने चालवून पाहिलेले असते, आणि जे चालले ते त्याने ठेवलेले असते.

हा भार खुद्द मायक्रोसॉफ्टवरही होता. सिमसिटी या खेळाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. परत करून टाकलेली मेमरी हा खेळ पुन्हा वाचत असे. विंडोज ३.१ मध्ये ती मेमरी लगेच दुसऱ्या कोणाला दिली जात नसल्याने हा दोष खपून गेला. विंडोज ९५ मध्ये तो खपेना. नव्या प्रणालीवर जुना खेळ कोसळला तर गिऱ्हाईक दोष प्रणालीलाच देणार हे ओळखून मायक्रोसॉफ्टने सिमसिटी चालू असेल तेव्हा मेमरी परत घेण्याची पद्धतच बदलण्याची तजवीज विंडोजमध्ये केली. जुने प्रोग्राम आवृत्तीचा क्रमांक चुकीच्या पद्धतीने तपासत, म्हणून विंडोज ९५ त्यांना आपला क्रमांक ४ न सांगता ३.९५ सांगत असे. ईसीएमए-२३४ सारखे मानक वेळेवर आले असते तरी त्याने फार काही साधले नसते, ते यामुळेच. प्रोग्रामचा करार विंडोजच्या कागदी वर्णनाशी नसतो. तो विंडोजच्या प्रत्यक्ष वागण्याशी असतो, आणि त्या वागण्यात चुकाही धरलेल्या असतात.

वाइनने यावर जी पद्धत काढली ती प्रयोगशाळेला शोभणारी आहे. फंक्शन कसे वागते याबद्दल शंका आली की त्याची एक छोटी चाचणी लिहायची, ती खऱ्या विंडोजच्या अनेक आवृत्त्यांवर चालवायची, मिळालेले उत्तर नोंदवायचे आणि मग तीच चाचणी वाइनवर उत्तीर्ण होईल असा कोड लिहायचा. अशा चाचण्यांचा साठा वाढत वाढत प्रचंड झाला आहे. विंडोजच्या सवयींची इतकी बारीक नोंद सार्वजनिकरीत्या अन्यत्र क्वचितच असेल. दुसरा दंडक कायद्याचा : मायक्रोसॉफ्टचा सोर्सकोड पाहिलेल्या माणसाचे योगदान घ्यायचे नाही. २००४च्या फेब्रुवारीत विंडोज एनटी ४ आणि विंडोज २००० यांच्या सोर्सकोडचे काही भाग बाहेर फुटले, तेव्हा या दंडकाचे मोल कळले. विंडोजसारखी संपूर्ण प्रणालीच नव्याने लिहू पाहणाऱ्या आणि वाइनच्या डीएलएल वापरणाऱ्या रिॲक्टओएस या प्रकल्पावर २००६ साली संशय घेतला गेला, तेव्हा त्याला आपला कोड तपासणीसाठी काढावा लागला आणि काम रखडले.

फुकट वाटल्या जाणाऱ्या या कोडवर कंपन्यांची नजर जाणे स्वाभाविक होते. कॅनडातली कोरेल ही वर्डपरफेक्ट या लेखनाच्या प्रोग्रामची मालक. १९९९ साली तिने स्वतःची लिनक्स काढली आणि २००० साली वर्डपरफेक्ट ऑफिस २००० हा संच लिनक्सवर आणला. त्यासाठी तिने प्रोग्राम नव्याने लिहिले नाहीत. विंडोजचेच प्रोग्राम वाइनच्या आधारे बसवले. वाइनला यातून पुष्कळ सुधारणा मिळाल्या, पण संच जड आणि हळू होता. त्याआधीच्या, लिनक्ससाठीच लिहिलेल्या वर्डपरफेक्ट ८ पुढे तो फिका पडला. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने कोरेलमध्ये १३.५ कोटी डॉलर गुंतवले आणि त्यानंतर कोरेलने लिनक्सचा नाद सोडला. या दोन घटनांचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना झाला. कोरेलची तिजोरी तेव्हा रिकामी होत आली होती हेही तितकेच खरे.

कोडवीव्हर्सचे गणित निराळे होते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जेरेमी व्हाइट यांनी १९९६ साली काढलेली ही लहान कंपनी वाइनवरच जगायला शिकली. वाइनवर मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखे मोजके प्रोग्राम नीट बसवून, तपासून क्रॉसओव्हर या नावाने विकायचे आणि केलेल्या सुधारणा मूळ वाइनला परत द्यायच्या, असा तिचा धंदा. ज्युलियार्ड तिथेच नोकरीला लागले. ट्रान्सगेमिंग ही दुसरी कंपनी खेळांच्या मागे लागली. तिने वाइनचा कोड घेतला, त्यावर खेळांसाठी लागणारे ग्राफिक्सचे काम केले आणि वर्गणी घेऊन विकले. केलेले काम बहुतांशी स्वतःकडेच ठेवले. वाइनच्या तेव्हाच्या सैल परवान्यात यात बेकायदा काहीच नव्हते. पण फुकट राबणाऱ्यांना ते झोंबले. मार्च २००२ मध्ये वाइनने परवाना बदलून एलजीपीएल स्वीकारला : यापुढे कोडमध्ये बदल करून तो कोणाला दिला, तर ते बदलही उघड करावे लागणार होते. जुन्या परवान्याच्या बाजूच्या लोकांनी रीवाइंड नावाची वेगळी चूल मांडली, पण तिच्यात जाळ राहिला नाही. वाइनच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणता असे विचारले तर तो कोडचा नसून परवान्याचा आहे असे म्हणावे लागेल. पुढे मोठ्या कंपन्यांनी घातलेला पैसा मूळ प्रकल्पात पोचला तो त्या अटीमुळे.

मायक्रोसॉफ्टने वाइनवर खटला भरला नाही. २००५च्या फेब्रुवारीत एवढे आढळले की विंडोजची प्रत अस्सल आहे का हे तपासणारे तिचे सॉफ्टवेअर वाइनच्या रजिस्ट्रीतल्या खुणाही शोधत होते. प्रकल्पात याचे दुःख कमी आणि समाधान जास्त होते. दखल घेण्याइतके आपण मोठे झालो असा त्याचा अर्थ लावला गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वाइनची ०.९ ही पहिली बीटा आवृत्ती आली. २००६ साली गूगलने पिकासा हा छायाचित्रांचा प्रोग्राम वाइनसकट बांधून लिनक्सवर दिला. वाइन १.० जाहीर झाली १७ जून २००८ रोजी, म्हणजे प्रारंभानंतर १५ वर्षांनी. या १५ वर्षांत विंडोज ९५, ९८, २०००, एक्सपी आणि व्हिस्टा येऊन गेल्या होत्या. पळत्या माणसाचे माप घेण्यासारखे हे काम होते. २०१० सालच्या १.२ आवृत्तीत ६४ बिटांचे विंडोज प्रोग्राम चालू लागले.

मराठी मजकुराशी या इतिहासाचा संबंध दोन ठिकाणी येतो. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत दीर्घकाळ पानांची जुळणी करणारा पेजमेकर आणि त्याच्या जोडीला टंकलेखनासाठी श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम अशी जोडगोळी चालली. पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी काय, सी-डॅकचे आयएसएम काय, दोन्हींचा बहुतेक वापर विंडोजवर. युनिकोड येण्याआधी टंकलेला मजकूर त्या त्या फाँटच्या खासगी सांकेतिक क्रमांकांत साठवलेला असल्याने जुन्या पुस्तकांच्या आणि अंकांच्या फाइली त्या सॉफ्टवेअरविना वाचणेच अवघड. अशी टंकलेखनाची सॉफ्टवेअर स्वतः मागे राहून दुसऱ्या प्रोग्राममध्ये दाबलेल्या कळा मध्येच पकडतात. वाइनमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला मात्र वाइनच्याच खिडक्यांतल्या कळा कळतात. लिनक्सच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये काय टंकले जाते ते त्याला दिसत नाही. म्हणून अशा ठिकाणी पेजमेकर एकटा बसवून भागत नाही. दुसरा संबंध युनिकोडचा. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते पण दिसते त्याच्या आधी. रफार आधी साठवला जातो पण चढतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. जोडाक्षराला फाँटमधला वेगळा आकार लागतो. विंडोजमध्ये ही जुळणी युनिस्क्राइब नावाची डीएलएल करत असे. वाइनला तीही नव्याने लिहावी लागली, आणि अरबीपासून देवनागरीपर्यंतच्या लिप्यांचे नियम तिच्यात हळूहळू भरले गेले.

वाइनच्या उलट दिशेचा प्रयोग मायक्रोसॉफ्टने केला आणि तो उद्बोधक आहे. लिनक्सचे प्रोग्राम विंडोजवर चालवण्यासाठी तिने २०१६ साली डब्ल्यूएसएल आणले. पहिल्या आवृत्तीत लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, मारलेल्या हाकांना विंडोजचे कर्नल उत्तर देत होते. म्हणजे वाइनचीच रीत, उलट्या बाजूने. पण विंडोजच्या फाइलव्यवस्थेवर लिनक्सच्या धाटणीची कामे मंद चालत आणि कित्येक हाका अनुत्तरित राहत. २०१९ साली जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने तो मार्ग सोडून सरळ खरे लिनक्स कर्नल एका हलक्या आभासी यंत्रात बसवले. लिनक्सचे कर्नल कोणालाही फुकट वाटता येते म्हणून हे शक्य झाले. विंडोज तशी वाटता येत नाही, त्यामुळे वाइनला ही पळवाट कधीच उपलब्ध नव्हती.

वाइनला खरा आश्रयदाता मिळाला तो खेळांच्या बाजारातून. स्टीम हे खेळविक्रीचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला विंडोजवरचे आपले अवलंबित्व खुपत होते. २०१५ साली तिने लिनक्सवर आधारित स्टीम मशीन बाजारात आणली. त्या यंत्रांसाठी खेळ बनवणाऱ्यांनी लिनक्सच्या आवृत्त्या काढाव्यात अशी अपेक्षा होती. फार थोड्यांनी काढल्या आणि यंत्रे पडून राहिली. जी भिंत ओएस/२ पुढे होती तीच इथेही होती. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने दिशा बदलली. कोडवीव्हर्सला हाताशी धरून तिने वाइनवर आधारित प्रोटॉन काढले आणि ते स्टीममध्येच बसवले, त्यामुळे खेळणाऱ्याला वाइनचे नावही ठाऊक असण्याची गरज उरली नाही. फिलिप रेबोले यांनी लिहिलेला डीएक्सव्हीके हा यातला कळीचा भाग : डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या ग्राफिक्स-संचाला मारलेल्या हाका तो व्हल्कन या खुल्या ग्राफिक्स-संचाच्या भाषेत उतरवतो. पूर्वी हेच काम ओपनजीएल या जुन्या संचामार्फत होई आणि त्यात वेग बराच जाई. २०१६ साली आलेल्या व्हल्कनची घडण आधुनिक ग्राफिक्स कार्डांना अधिक जवळची असल्याने भाषांतराचा भुर्दंड बराच कमी झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये हातात धरून खेळण्याचे स्टीम डेक विक्रीला आले. त्यात लिनक्स आहे, पण त्यावर खेळले जाणारे बहुसंख्य खेळ विंडोजसाठी लिहिलेले आहेत. विंडोजचे प्रोग्राम चालवण्याची सोय केली म्हणून ओएस/२ साठी कोणी लिहिले नाही. स्टीम डेकसाठीही बहुतेक जण वेगळे लिहीत नाहीत. फरक इतकाच की व्हॉल्व्हचे पोट प्रणालीच्या विक्रीवर नसून खेळांच्या विक्रीवर चालते, म्हणून तिला त्याचे सोयरसुतक नाही.

मॅकवरही वाइन पोचले, कारण ॲपलने २००६ साली इंटेलचे प्रोसेसर घेतले आणि पहिले बंधन तिथेही सुटले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटांचे प्रोग्राम चालवणे बंद केले, तेव्हा कोडवीव्हर्सने कंपायलरच बदलून ३२ बिटांचे विंडोज प्रोग्राम ६४ बिटांच्या प्रक्रियेत चालवण्याची युक्ती काढली. वाइनच्या पुढच्या आवृत्त्यांत हे उद्दिष्ट अधिक नेटक्या मार्गाने साधले गेले. २०२३ साली ॲपलने विंडोजचे खेळ मॅकवर आणू पाहणाऱ्यांसाठी जो साधनसंच दिला त्यातही क्रॉसओव्हरचा सोर्सकोड वापरला होता. २०२४च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने डॉटनेट पद्धतीचे प्रोग्राम इतर प्रणालींवर चालवणारा, आपल्याकडचा मोनो हा प्रकल्प वाइनच्या संस्थेकडे सुपूर्द केला.

दरम्यान उलटा बदलही घडू लागला आहे : विंडोजच्या प्रोग्रामांसाठी लिनक्सचे कर्नल स्वतः बदलते आहे. काही खेळ डीएलएलला वळसा घालून थेट विंडोजच्या कर्नलला हाक मारतात; ती हाक लिनक्सच्या कर्नलकडे जाऊन गोंधळ होऊ नये म्हणून २०२१ सालच्या लिनक्स ५.११ मध्ये ती मध्येच अडवण्याची सोय झाली. विंडोजमध्ये एकाच वेळी अनेक इशाऱ्यांची वाट पाहता येते. लिनक्समध्ये तशी थेट सोय नसल्याने वाइनसर्व्हरकडे सतत हेलपाटे घालावे लागत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१४ मध्ये एनटीसिंक हा भाग पूर्ण झाला आणि विंडोज एनटीच्या धर्तीची कुलपे आणि इशारे लिनक्सच्या कर्नलमध्येच उपलब्ध झाले. दुसऱ्या बाजूला ६४ बिटांच्या विंडोजने १६ बिटांचे प्रोग्राम केव्हाच सोडून दिले आहेत. विंडोज ३.१ च्या काळातले कित्येक प्रोग्राम आज विंडोज ११ वर उघडत नाहीत, पण ६४ बिटांच्या लिनक्सवर वाइनमध्ये उघडतात.

न चालणाऱ्यांची यादी अजून मोठी आहे, आणि त्यांतला एक गट असा की तो वाइनच्या मांडणीतच बसत नाही. एखादे छपाईयंत्र, कुलपाचा डोंगल किंवा मोजमापाचे उपकरण यांच्यासोबत येणारा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये बसण्यासाठी लिहिलेला असतो; वाइनमध्ये तसे कर्नलच नसते. ऑनलाइन खेळांत लबाडी पकडणारी सॉफ्टवेअर याच वर्गातली. बॅटलआय आणि एपिकच्या ईझी अँटी-चीटने २०२१ साली प्रोटॉनला चालेल अशी तरतूद केली, पण ती वापरायची की नाही हे प्रत्येक खेळाच्या मालकावर सोपवले. काहींनी ती सुरू केली. काहींनी लिनक्सवर लबाडी पकडणे अवघड जाते असे सांगून दार बंदच ठेवले.